आंघोळीचें ऊन पाणी : सरपणाचा हिशेब व बचतीचे उपाय

(कुटुंबांत व सायंकाळच्या बैठकींत वाचण्याकरितां पाठ)



आसनगांवच्या स्टेशनावर पहांटेची लोकल धरणारा गडी असो, माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यांतील म्हातारी असो, किंवा मुरबाडकडील एखाद्या घरची बाळंतीण असो, थंडीपावसाच्या दिवसांत प्रत्येकास एक बादली ऊन पाणी हवेंच असतें. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तांदळाचा हिशेब होतो, तेलामिठाचा होतो. परंतु आंघोळीच्या हंड्याखालीं किती लांकूड जळलें, तें कोणीं डोक्यावर वाहून आणिलें, आणि त्याचा धूर कोणाच्या छातींत गेला, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. प्रस्तुत पाठांत आम्हीं तोच मांडणार आहों.

कोणी म्हणेल, आतां घरोघर गॅस आला, मग सरपणाची चर्चा कशाला? उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली, आणि त्या योजनेनें पुष्कळ गरीब घरांत गॅसची शेगडी आली, हें खरें आहे. तथापि अनेक घरांत आज असा प्रकार आहे कीं चहा व भाजी गॅसवर होते, आणि आंघोळीचें पाणी मात्र पडवींतील किंवा अंगणांतील चुलीवरच तापतें. कारण उघड आहे. सिलिंडर पैसे देऊन भरावा लागतो, आणि रानांतील काटक्यांस पैसा पडत नाहीं. परंतु ज्या वस्तूस पैसा पडत नाहीं ती फुकट असतेच असें नाहीं. तिची किंमत कोणीतरी आपल्या अंगानें देत असतो. आपल्या घरांत ती बहुधा आई, सून किंवा मुलगी देते.

या पाठाचें सार थोडक्यांत असें : आंघोळीच्या पाण्यास उष्णता फार थोडी लागते, पण आपण पेटवितों त्या आगीची बहुतेक उष्णता वाया जाते. म्हणून अगोदर आग सुधारावी, मग सूर्यास कामास लावावें, आणि वीज व गॅस यांचा उपयोग समजून व जपून करावा.

१. पाण्यास उष्णता किती लागते?

एक लिटर पाण्याची उष्णता एक अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. सकाळचें पाणी २५ अंशांवर असतें असें धरूं, आणि आंघोळीस ४० अंशांचें पाणी सुखावह वाटतें. म्हणजे १५ अंश वाढवावयाचे. एका माणसाची बादली १५ लिटरांची धरिली तर १५ गुणिले १५, म्हणजे २२५ किलोकॅलरी झाल्या. घरांत पांच माणसें असलीं तर ११२५.

आतां सरपण पाहूं. वाळलेलें एक किलो लांकूड पूर्ण जळलें तर सुमारें ३६०० किलोकॅलरी उष्णता देतें. याप्रमाणें पांच माणसांच्या आंघोळीस सुमारें ३१० ग्रॅम लांकूड, म्हणजे मूठभर काटक्या, पुरावयास पाहिजेत. परंतु कोणतीहि गृहिणी सांगेल कीं मूठभर काटक्यांनीं हंडा तापत नाहीं. मग बाकीची उष्णता जाते कोठें?

२. चुलीची उष्णता कोठें जाते?

तीन दगडांच्या उघड्या चुलीवर भांडें ठेविलें असतां जळणाच्या उष्णतेपैकीं सुमारें दहावा हिस्साच पाण्यास मिळतो, फार तर त्याहून थोडा अधिक. उरलेली उष्णता चार वाटांनीं निघून जाते. कांहीं ज्वाळेबरोबर हंड्याच्या बाजूनें वर जाते. कांहीं वारा नेतो. कांहीं दगडांत व जमिनींत मुरते. आणि कांहीं धुराच्या रूपानें न जळतांच जाते, कारण धूर म्हणजे अर्धवट राहिलेलें जळणच होय.

पावसाळ्यांत याहून वाईट स्थिति होते. ओल्या लांकडांतील एक किलो पाण्याची वाफ होण्यास ६०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आपण दोघांतिघांच्या आंघोळीपुरती उष्णता लांकूड वाळविण्यांतच खर्च करितों, आणि वर डोळ्यांतून पाणी काढितों तें वेगळें.

आतां वर्षाचा हिशेब करूं. उघड्या चुलीवर पांच माणसांच्या आंघोळीस दररोज तीन किलो लांकूड जळतें असें धरा. उन्हाळ्यांत बहुतेक लोक गार पाण्यानेंच आंघोळ करितात. म्हणून पावसाळ्याचे चार व थंडीचे चार असे आठच महिने, म्हणजे २४० दिवस मोजा. एकंदर ७२० किलो लांकूड झालें. एक मोळी २० किलोची धरिली तर केवळ आंघोळीच्या पाण्याकरितां ३६ मोळ्या! एका मोळीस अर्धा दिवस जातो असें मानलें, तर त्या घरच्या बाईचे वर्षांतून अठरा दिवस यांतच गेले. पायांत कांटे, डोक्यावर भार, आणि अभयारण्याच्या हद्दींत शिरल्यास रखवालदाराची भीति, हें सारें त्या अठरा दिवसांत येतें.

धुराचा हिशेब याहून कठीण आहे. घरांतील चुलीच्या व कोळशाच्या धुरामुळें होणाऱ्या विकारांनीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. न्यूमोनिया, दीर्घकाळचा दमा-खोकला, हृदयाचे विकार व अर्धांगवायु हे ते विकार होत. चुलीपाशीं बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचें मूल यांस हा धूर सर्वांत अधिक लागतो.

३. पहिला उपाय : आग सुधारणें

या उपायास पैसा थोडा व लक्ष पुष्कळ लागतें. पुढील गोष्टी आजपासूनच करितां येतात.

(अ) पावसापूर्वींच लांकडें फोडून, आंगठ्याएवढीं बारीक करून, छपराखालीं वाळत रचून ठेवावीं. बारीक व कोरडें लांकूड नीट जळतें आणि धूर कमी देतें.

(आ) हंड्यावर झांकण असावें. उघड्या हंड्यांतून वाफेबरोबर उष्णता निघून जाते.

(इ) चुलीच्या तळाशीं लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे खालून हवा मिळून निखारे पूर्ण जळतात. राख रोज काढावी, नाहीं तर जाळी असून नसल्यासारखी होते.

(ई) हंड्याच्या भोंवतीं बोटभर फट ठेवून मातीचा किंवा पत्र्याचा आडोसा करावा. ज्वाळा मग बाजूनें पळून न जातां हंड्यास घासून वर चढते.

(उ) स्वयंपाक चुलीवर होत असल्यास वैलावर पाण्याचें भांडें नेहमीं ठेवावें. भाकरी होईपर्यंत तेथें जें पाणी तापतें त्यास निराळें जळण लागत नाहीं.

(ऊ) पाणी कढत करूं नये. उकळेपर्यंत तापवून मग अर्धा हंडा विसण घालणें ही अनेक घरांची रीत आहे. विसण घातल्यानें पाण्यांतील उष्णता नाहींशी होत नाहीं, हें खरें. परंतु पाणी जितकें अधिक तापवावें तितकी उष्णता भांड्यांतून व वाफेनें अधिक वेगानें बाहेर पळते. हात घालवेल इतकें तापलें कीं जळण मागें ओढावें.

याच्या पुढची पायरी म्हणजे धुराडें असलेली सुधारलेली चूल. हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींतून अखिल भारत ग्रामोद्योग संघानें ज्या चुलीचा प्रसार केला ती मगन चूल या नांवानें प्रसिद्ध झाली. पुढें भारत सरकारनें १९८३ सालीं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढिला आणि तो २००२ सालीं बंद झाला. त्या चुलींपैकीं पुष्कळ लवकरच निकामी झाल्या. धुराडीं काजळीनें भरलीं, तीं कोणीं झाडलीं नाहींत. मातीला तडे गेले, ते कोणीं लिंपले नाहींत. यापासून आपण हा धडा घ्यावा कीं जी चूल घरच्या माणसास साफ करितां येईल व गांवच्या गवंड्यास नीट करितां येईल तीच बसवावी. चांगल्या बनावटीची चूल जळणाच्या उष्णतेचा चौथा हिस्सा पाण्यास देऊं शकते. तेव्हां रोजच्या तीन किलोंच्या ठिकाणीं सव्वा किलो लांकूड पुरेल, आणि वर्षाच्या ३६ मोळ्यांच्या १५ होतील.

तांब्याचा बंब ही तर आपल्या महाराष्ट्राची जुनी युक्ति आहे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत असे बंब घडविले जात आले आहेत. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बंबाच्या मध्यांतून एक नळकांडें उभें गेलेलें असतें. त्यांत आग पेटते, आणि पाणी त्याच्या चोहों बाजूंस असतें. हंड्याची आग पाण्याच्या बाहेर असते, बंबाची आग पाण्याच्या पोटांत असते. त्यामुळें बाजूनें निसटणारी उष्णताहि पाण्यालाच मिळते, व नळकांडें धुराड्याप्रमाणें हवा ओढून घेतें. तांबें लोखंडापेक्षां सुमारें पांचपट चांगली उष्णता वाहून नेतें, हा आणखी एक गुण. बंबास मोठीं लांकडें लागत नाहींत. ढलप्या, कणसांचीं बुरकुंडें, नारळाच्या करवंट्या व गोवरीचे तुकडे चालतात. तांबें महाग वाटल्यास पत्र्याचा बंब घ्यावा. मात्र बंब अंगणांत किंवा उघड्या पडवींत पेटवावा. दार लावलेल्या न्हाणींत जळता बंब अथवा निखाऱ्याची शेगडी कधींहि ठेवूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

४. दुसरा उपाय : सूर्य

आंघोळीस ४० अंशांचें पाणी लागतें असें आम्हीं वर म्हटलें. लांकडाची ज्वाळा शेंकडों अंशांची असते. एवढ्या प्रखर आगीनें इतकें सौम्य काम करावें हें कुऱ्हाडीनें लोणी कापण्यासारखें आहे. सौम्य कामास सौम्य उष्णताच योग्य, आणि ती आपल्या अंगणांत रोज पडते. स्वच्छ आकाश असतां दुपारीं एक चौरस मीटर जागेवर तासाला सुमारें ८६० किलोकॅलरी ऊन पडतें.

तें पकडण्याची युक्ति फार जुनी आहे. जिनीव्हा शहरच्या सोस्यूर नांवाच्या विद्वानानें १७६७ सालीं कांचेनें झांकलेली पेटी उन्हांत ठेविली, तेव्हां तिच्यांतील उष्णता उकळत्या पाण्याहून अधिक झाली. ऊन कांचेंतून आंत जातें, काळ्या पृष्ठभागावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता कांचेंतून सहज परत जात नाहीं. अमेरिकेंतील क्लॅरेन्स केम्प यानें १८९१ सालीं अशाच पेटींत पाण्याच्या टांक्या ठेवून उन्हाचा बंब विकावयास काढिला. त्यांत एक उणीव होती. रात्रीं पाणी निवून जाई. विल्यम बेली यानें १९०९ सालीं ती दूर केली. त्यानें ऊन घेणारी पेटी खालीं ठेविली व ऊबदार आच्छादनांत गुंडाळलेली टांकी वर ठेविली. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप टांकींत चढतें आणि गार पाणी खालीं उतरतें. पंप लागत नाहीं. आज आपल्या जिल्ह्यांत गच्च्यांवर जे सौर बंब दिसतात ते याच तत्त्वावर चालतात. कांहींत तांब्याच्या काळ्या पट्ट्या असतात, कांहींत दुहेरी कांचेच्या निर्वात नळ्या असतात.

शंभर लिटरांच्या संचास पट्टीच्या प्रकारांत सुमारें दोन चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. स्वच्छ दिवशीं तो १०० लिटर पाणी ६० अंशांच्या आसपास तापवितो. त्यांत विसण घातलें म्हणजे रात्रींची कांहीं घट धरूनहि दहाबारा माणसांच्या बादल्या निघतात. म्हणून एकट्या घरास खर्च जड वाटल्यास शेजारच्या दोघां भावांनीं मिळून एक संच घ्यावा, हें शहाणपणाचें होईल.

संच घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. आपल्या भागांत पेटीचें तोंड दक्षिणेस असावें व ती सुमारें वीस अंश तिरपी असावी, कारण थंडींत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. झाडाची किंवा भिंतीची सावली तीवर येऊं नये. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यांत संचाचें वजन मिळवा. स्लॅबच्या घरास तें सोसेल, परंतु कौलारू छपरावर किंवा कुडाच्या घरावर तें चढवूं नये. अंगणांत मजबूत घडवंचीवर बसवावें. गार पाण्याची टांकी संचाहून उंच असावी. बोअरच्या पाण्यानें भांड्यांस पांढरा थर धरत असेल तर तोच थर नळ्यांतहि धरेल. तो वेळोवेळीं काढवून घ्यावा. नळ सोडल्यावर प्रथम येणारें गार पाणी बादलींत धरावें. तानसा, वैतरणा व भातसा यांचें पाणी ज्या तालुक्यांतून मुंबईस जातें, त्याच तालुक्यांतील बायांस वैशाखांत हंड्यामागें धांवावें लागतें. तेथें तांब्याभर पाणी सांडणेंहि बरें नव्हे.

ज्यास संच घेण्याची ऐपत नाहीं त्यानें निराश होऊं नये. खाद्यतेलाचा १५ लिटरांचा रिकामा पत्र्याचा डबा स्वच्छ धुवून बाहेरून काळा रंगवावा. लांकडी खोक्यांत तळाशीं व बाजूंस कोरडा पेंढा दाबून भरावा, मध्यें पाण्यानें भरलेला डबा ठेवावा, वर कांच बसवावी, आणि खोकें सकाळपासून दक्षिणेच्या उन्हांत ठेवावें. चार वाजेपर्यंत पाणी चांगलें कोंबट होतें. हें पाणी रात्रभर ऊन राहात नाहीं. म्हणून मुलांस सायंकाळीं आंघोळ घालण्यास किंवा सकाळच्या हंड्यांत आधींच भर घालण्यास तें वापरावें. पिण्यास वापरूं नये. औषधाचा किंवा फवाऱ्याचा डबा या कामास मुळींच घेऊं नये.

आतां सूर्याची मर्यादाहि प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आषाढ-श्रावणांत आपल्या डोंगरांवर दिवस दिवस ढग हटत नाहींत, आणि ऊन पाणी तर तेव्हांच हवें असतें. सौर बंब थंडीचे चार महिने भागवील, पावसाळ्याचे चार महिने भागवणार नाहीं. याकरितांच आम्हीं चूल सुधारणें पहिलें आणि सूर्य दुसरा असा क्रम लाविला. दोन्ही केल्यास हिशेब असा होतो : ३६ मोळ्यांच्या सुधारलेल्या चुलीनें १५ झाल्या, आणि थंडीचे चार महिने सूर्यानें उचलल्यावर साडेसातच उरल्या.

५. वीज आणि गॅस

विजेच्या एका युनिटांत ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे पांच माणसांच्या आंघोळीस सुमारें सव्वा ते दीड युनिट लागतें. पाण्यांत बुडविलेल्या रॉडची जवळजवळ सर्व उष्णता पाण्यास मिळते, हा त्याचा गुण. परंतु कोळशावर वीज करितांना कोळशाच्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्साच तारेंतून आपल्यापर्यंत येतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. टांकीचा गीझर घेतल्यास त्यावरील ताऱ्यांची खूण पाहावी. अधिक तारे म्हणजे साठविलेल्या पाण्याची उष्णता कमी निघून जाते. आंघोळीच्या आधीं थोडा वेळ चालू करून मग बंद करावा. हल्लीं उष्णता-पंप म्हणून एक यंत्र निघालें आहे. तें एका युनिटाच्या जोरावर बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून सुमारें तीन युनिटांएवढी उष्णता पाण्यास देतें. किंमतीमुळें तें एकेकट्या घरास कठीण आहे, परंतु वसतिगृहें व दवाखाने यांनीं त्याचा विचार करावा.

रॉड वापरणाऱ्यांनीं चार नियम पाठ करावे. रॉडवर आयएसआयची खूण असावी व घरांत अर्थिंग असावें. बादली लोखंडी नसावी. रॉड पाण्यांत घातल्यावरच बटण चालू करावें. आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यास बोट लावूं नये. लहान मुलें असतील तेथें रॉड लावून कोणीं दूर जाऊं नये.

गॅसच्या चांगल्या शेगडीवर झांकलेल्या भांड्यांत पांच माणसांचें पाणी तापविण्यास सुमारें १७० ग्रॅम गॅस लागतो. घाईच्या दिवशीं किंवा आजाऱ्याकरितां हा उपाय उत्तम. परंतु न्हाणींत बसविलेल्या गॅसच्या गीझरविषयीं आम्हांस कळकळीनें इशारा द्यावयाचा आहे. बंद जागेंत जळण जळत असतां हवा अपुरी पडते व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणसास ग्लानि येते आणि तो दार उघडण्यापूर्वींच पडतो. महाराष्ट्रांतील शहरांत असे मृत्यु झाले आहेत. म्हणून असा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. बंद न्हाणींत बंब किंवा शेगडी ठेवूं नये असें वर सांगितलें त्याचेंहि कारण हेंच.

६. कोणत्या घरानें काय करावें?

कुडाच्या किंवा कौलारू घरानें : कोरडें सरपण, झांकण, आडोसा, सुधारलेली चूल अथवा बंब, आणि थंडींत उन्हाचा डबा. स्लॅबच्या घरानें : शक्य तर भागींत सौर बंब, आणि पावसाळ्याकरितां बंब किंवा ताऱ्यांचा गीझर. पहांटेच्या गाडीनें कामास जाणाऱ्यानें : रात्रभर ऊन राहाणारी टांकी, कारण चार वाजतां चूल पेटविण्याचा भार घरच्या बाईवरच पडतो. शाळा व वसतिगृहें चालविणाऱ्यांनीं : मोठा सौर संच, कारण जेथें पन्नास मुलें आंघोळ करितात तेथें बचत पन्नासपट आहे.

पाठ शिकविणाऱ्या बंधूंस आमची सूचना आहे कीं पुरुषांनाच पुढें बसवून हा विषय सांगूं नये. चुलीचें ज्ञान ज्यांना आहे त्या बायांस आधीं बोलूं द्यावें. आणि चूल कोणती घ्यावी हें ठरवितांना त्यांचें मत शेवटचें मानावें.

अभ्यासाचे प्रश्न

१. पांच माणसांच्या आंघोळीस ३१० ग्रॅम लांकूड पुरावें, पण तीन किलो कां लागतें?
२. हंडा व बंब यांच्या आगींत भेद कोणता?
३. सौर बंब असतांहि चूल कां सुधारावी?
४. बंद न्हाणींत गॅस किंवा निखारे कां धोक्याचे?
५. आपल्या घरीं सात दिवस रोज सकाळीं सरपण तोलून पाहा. मग झांकण व आडोसा करून पुढील सात दिवस तोला. दोन्ही आंकडे पुढील बैठकींत सांगा, आणि वांचलेल्या मोळ्यांचे दिवस घरची बाई कशांत घालवूं इच्छिते हें तिलाच विचारा.